शेंदऱ्या आंब्याच्या खांद्यावर

भर दुपारी सगळं घर निजलं होतं. छपरीत खाटेवर म्हातारे विठ्ठलराव, आत गार सारवलेल्या भुईवर त्यांची सून इंदुताई. बाहेर वैशाखाचं ऊन इतकं स्तब्ध, की कवडेसुद्धा घुमायचे थांबले होते. एवढ्यात रांजणावरची पितळी वाटी खणकन भुईवर पडली, गोल गोल फिरली आणि आडवी झाली.

वाटी पाडली होती सहा वर्षांच्या वेणूनं, म्हणजे इंदुताईंच्या लेकीनं. तिला तहान लागली नव्हती. टाचा उंचावून ती वाटीतलं पाणी वर माझ्या मुळांवर उडवत होती. उडवता उडवता तिला माझ्या पानाच्या बगलेत काहीतरी दिसलं. हिरवं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. त्या आनंदात तिच्या हातून वाटी सुटली.

मित्रांनो, तो हिरवा दाणा म्हणजे माझ्या फुलांच्या तुऱ्याचा अंकुर होता. मी माझ्या घरी परत जाणार की चुलीत, याचा निकाल त्या उन्हाळ्यात लागायचा होता. पण हे सांगण्याआधी मी कोण ते सांगायला हवं.

मी झाडावर राहणारी एक रानटी आमरी आहे. शिकलेली माणसं आम्हाला ऑर्किड म्हणतात. वैद्य माझ्या जातीला रास्ना म्हणतात आणि आमची मुळं सांधेदुखीवर उगाळून देतात. पण घाटंजीकडच्या आमच्या शेतात मला वेगळं असं नावच नव्हतं. मी नुसती 'झाडावरची' होते.

माझं बी तुम्ही पाहिलंत तर त्याला बी म्हणणार नाही. ज्वारी दळताना जात्याभोवती पीठ उडतं ना, त्यातला एक कण घ्या आणि त्याचे पुन्हा दहा करा. तेवढं ते असतं. हरभऱ्याच्या दाण्यात, तुरीच्या दाण्यात, सरकीत कोंबासाठी शिदोरी बांधलेली असते. आमची आई आम्हाला रिकाम्या हातांनीच वाऱ्यावर सोडते. तिचा नाइलाज असतो. लेकरं हजारो, आणि बांधायला गाठोडं एकही नाही.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल तेव्हा. मी कुठल्या झाडावरून निघाले ते मला आठवत नाही. आठवतं ते तरंगणं. खाली कापसाची शेतं पांढरी झालेली. मध्येच वळणं घेत जाणारा नाला. बाजाराला निघालेल्या बैलगाड्यांची धूळ वर आली, मी तिच्यात मिसळले, पुन्हा सुटले. कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसण्याची भीतीही नव्हती. मग एका सकाळी धुक्यानं माझं अंग जड झालं, आणि विठ्ठलरावांच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका जुन्या आंब्याच्या बेचक्यात मी हळूच उतरले.

त्या आंब्याला शेंदऱ्या म्हणत. पिकला की त्याची फळं देठाशी शेंदरासारखी लाल होत. माझ्या बहिणी नांगरलेल्या काळ्या मातीत पडल्या, कुणी घरांच्या कवेलूंवर, कुणी पाण्यात. त्यांचं काही झालं नाही. माझं नशीब असं, की शेंदऱ्याची साल खडबडीत होती, आणि तिच्या भेगांत एका बुरशीचे पांढरे धागे राहत होते. बुरशी म्हटलं की तुम्ही नाक मुरडता. पण माझी दाई तीच. तिनं मला घास भरवले म्हणून मी एवढीशी हिरवी झाले.

मग मी वाढले. पण कशी, तर ढग सरकतात तशी. पाहत बसलं तर कळत नाही. वर्षाला एखाद-दोन पानं. माझी फांदी उगवतीकडे झुकलेली होती. सकाळचं कोवळं ऊन मला मिळायचं, दुपारी आंब्याची सावली मिळायची आणि तिन्हीसांजेला नाल्यावरून गारवा चढून यायचा. आम्हाला असंच लागतं. उजेड हवा, पण गाळलेला. ओल हवी, पण थांबून राहिलेली नको. आणि वारा तर सतत हवा.

माझी मुळं मातीत जात नाहीत. काही सालीला धरून चालतात, काही नुसतीच हवेत लोंबतात. कोरडी असली की ती राखेसारखी रुपेरी दिसतात. दव पडलं की ती हिरवी होतात, जणू कुणी आतून दिवा लावला. त्यांच्यावर एक मऊ पांढरं पांघरूण असतं. त्यानं मी धुक्यातलं पाणी टिपून घेते. आणि खाते काय? वाऱ्यानं आणलेली धूळ, कुजलेल्या पानाचा चुरा, पाखरांची शीट, पावसात फांदीवरून ओघळत येणारं काहीबाही. आमच्या यवतमाळच्या उन्हाळ्यात तेही नसतं. तेव्हा मी जाड पानांत साठवलेलं पाणी पुरवून पुरवून वापरते आणि डोळे मिटून घेते. शेंदऱ्याच्या मी खांद्यावर बसले होते, मित्रांनो. त्याच्या ताटात मी कधी हात घातला नाही.

आठव्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात, मला पहिला तुरा आला. पिवळट हिरव्या पाकळ्या, त्यांवर तपकिरी रेघांच्या चौकटी, एखाद्या जुन्या लुगड्यासारख्या. आणि मध्ये जांभळा ओठ. माझा वास सकाळी खालपर्यंत जायचा. पण खाली बसणाऱ्यांना तो आंब्याचाच वाटायचा.

त्याच साली दिवाळीनंतर, राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा, विठ्ठलराव झाडाखाली बसून त्यांच्या सालदाराला, मारोतीला, म्हणाले होते, "मारोती, खाटेवरून उठलो नाई, अन् नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेलो, पाह्य."

"मंग मालक, गाडीभाडं कोणं देल्लं?" मारोती म्हणाला, आणि दोघं बराच वेळ हसत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात इंदुताई नवी नवरी म्हणून त्या घरात आल्या. पहिल्यांदा शेतात आल्या त्या दिवशी शेंदऱ्याखाली थबकल्या, मान वर केली आणि डोळे मिटून श्वास घेतला. शेजारी जमनीबाई उभ्या होत्या. त्या नाल्यापलीकडच्या तांड्यावरच्या. त्यांची आजी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेली. जमनीबाई मात्र आता शेती करत आणि हंगामात कापूस वेचायला येत.

"वास आला तुले?" जमनीबाईंनी विचारलं. "इथं कोणाले येत नाई."

"आमच्या केळापूरले घरामागं मोहाचं झाड आहे," इंदुताई म्हणाल्या. "त्याच्यावर असेच फुलं येतात. मी लहानपणी त्याच्याखालीच झोपो."

तेव्हापासून त्या शेतात आल्या की आधी वर पाहायच्या. दर दिवाळीला त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन त्यांना न्यायला यायचा. पहिल्या वर्षी त्या गेल्या. मग एका वर्षी वेणू पोटात होती, एका वर्षी कापूस फार होता, एका वर्षी सासूबाई वारल्या. विठ्ठलराव वाईट नव्हते. "पुढच्या सालाले नेजा," म्हणायचे, आणि भाऊ चहा पिऊन रिकामी गाडी वळवायचा. धुऱ्यावरून ती गाडी जाताना मला दिसायची. सहा वर्षं दिसली.

मग तो माघ आला. शेंदऱ्याला मोहोरच धरला नाही. त्याच्या शेंड्याकडच्या तीन फांद्या वाळत चालल्या होत्या. त्यांवर बांडगुळाचे झुबके होते. बांडगूळ लालसर फुलांचं, दिसायला देखणं. पण ते झाडाच्या लाकडात आपलं तोंड खुपसतं आणि त्याचा रस पितं. विठ्ठलरावांनी खालून डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्यांना बांडगूळही दिसलं आणि मीही दिसले.

"मारोती," ते म्हणाले, "झाडावर जे जे परकं हाय ते सारं खाली पाड. दुसऱ्याच्या अंगावर बसते, ते त्याचंच खाते."

शेतकऱ्याचा हा नेम खोटा नाही. शेतात नको ते उगवलं तर ते कापसाचंच खातं. विठ्ठलरावांनी साठ वर्षं तेच पाहिलं होतं. मारोतीच्या विळ्याचं पातं माझ्या मुळांखालून फिरलं, आणि पंधरा वर्षांनी मी पुन्हा एकदा हवेत तरंगले. यावेळी फार थोडा वेळ.

बांडगुळाच्या ढिगासोबत मीही जळायची. पण भाकर घेऊन इंदुताई आणि वेणू शेतात आल्या होत्या. इंदुताईंनी मला पदरात उचललं.

घरी त्यांनी माझ्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं! तेलाचा रिकामा डबा घासला. शेतातल्या सगळ्यात कसदार काळ्या मातीनं तो भरला. कुजलेलं शेणखत घातलं. माझी सगळी मुळं हळुवार आत दाबली, आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी घातलं. वेणूही घालायची. मायलेकी दोघी घालायच्या आणि एकमेकींना सांगायच्या नाहीत.

मित्रांनो, कपाशीवाल्या घराचा हा लळा असतो. काळी माती म्हणजे त्यांचं सर्वस्व. ती पाणी धरून ठेवते म्हणून कापूस पिकतो. पण तीच माती माझ्या मुळांना चहूकडून चिकटली, आणि माझा श्वास कोंडला. मी वाऱ्याची लेक. मला माणसांनी प्रेमानं विहिरीत उतरवलं होतं. महिनाभरात माझी मुळं तपकिरी झाली, पानं सुरकुतली. त्या जितकी काळजी करत तितकं पाणी जास्त घालत, आणि पाणी जितकं जास्त तितकी मी बुडत जाई. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. स्वप्नात धुकं यायचं, एवढं आठवतं.

चैत्रात जमनीबाई मोहफुलं घेऊन घरी आल्या. डब्यापाशी त्यांची पावलं थांबली.

"काय वं इंदुताई, हिले माती कायले चारली?"

"मंग काय चारू? सुकून राह्यली ना ते."

"सुकून नाई राह्यली, सडून राह्यली." त्यांनी डबा सरळ उपडा केला. "लेकराले ढेकर आला तरी तू घासच भरोत बसते का? हिची याडी माती नोहे, वारा हाय."

"याडी म्हंजे काय?" वेणूनं विचारलं.

"याडी म्हंजे माय. आमच्या तांड्यात मायले याडी म्हणतात."

जमनीबाईंनी सडलेली मुळं विळ्यानं छाटली. पाच जिवंत निघाली. मला दोन दिवस सावलीत नुसतं पडू दिलं. मग त्या कशाला तरी बांधायचं म्हणून लाकूड शोधू लागल्या. गोठ्यात बाभळीचं जुनं मोडकं जू पडलं होतं, बैलांच्या मानेवर घासून घासून गुळगुळीत झालेलं. त्याच्या तुकड्यावर त्यांनी मला अंबाडीच्या सुतळीनं बांधलं आणि छपरीच्या आड्याला, रांजणाच्या वर टांगलं. रांजण पाझरायचा, त्याचा गारवा वर माझ्यापर्यंत यायचा. अंगणातून उजेड यायचा, वारा यायचा.

संध्याकाळी विठ्ठलराव घरी आले. त्यांनी वर पाहिलं.

"हे कोणं टांगलं?"

"मी टांगलं, मामाजी," इंदुताई म्हणाल्या. पदर सावरून, पण स्पष्ट म्हणाल्या. "ते आंब्याचं खात नोहती. तिले पुन्हा आंब्यावर बांधा म्हणतो मी."

"आंब्याचं खाऊन झालं, आता माह्यं जू खाईन."

"खाल्लं त चुलीत घाला. नाई खाल्लं त?"

विठ्ठलरावांना सुनेनं असं कधी विचारलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला. मग कोनाड्यातून विळा काढला आणि माझ्याखाली त्या लाकडावर चारी बाजूंनी एक खाच पाडली. "ह्या खाचेपाशी लाकूड बोटभरही पोकळ झालं, भुसभुशीत झालं, त चुलीत. पुढच्या वैशाखापर्यंत जशाचं तसं राह्यलं, त मी स्वतः झाडावर चढतो."

"आबाजी, तुमाले चढता येते?" वेणूनं विचारलं.

"तुह्या बापाले मीनंच शिकोलं," विठ्ठलराव म्हणाले. तिचा बाप सरकी काढायच्या जिनात कामाला होता आणि फक्त बाजाराच्या दिवशी घरी यायचा.

ते वर्ष मी छपरीत काढलं. पाऊस पन्हाळीतून पडताना मी पाहिला, थंडीत चुलीचा धूर माझ्या अंगावरून गेला. वेणू रोज आईच्या खांद्यावर चढून खाचेत बोट घालून पाहायची. दिवाळीला इंदुताईंचा भाऊ आला आणि गेला. तेव्हा त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत उभ्या होत्या, हातात पाण्याची वाटी तशीच. फाल्गुनात शेंदऱ्याला पुन्हा कैऱ्या धरल्या, आणि विठ्ठलराव जेवताना म्हणाले, "पाह्यलं? पाडलं तवा झाड मोकळं झालं." इंदुताईंनी ताटात भाकर वाढली. मला वाटलं, आता खाच राहो की न राहो, मी हरले.

आणि मग ती वैशाखातली दुपार आली, वाटी खणकन पडली.

"आबाजी, उठा. हिले पोरगं होऊन राह्यलं!"

विठ्ठलराव दचकून उठले. आतून इंदुताई आल्या. खाटेवर उभं राहून विठ्ठलरावांनी मला खाली काढलं. तो हिरवा अंकुर पाहिला, दोन नवी पानं पाहिली. मग मला बाजूला सारल्यासारखं करून लाकूड पाहिलं. खाचेवरून अंगठा फिरवला. नखानं टोकरलं. ठोकून कानाशी धरलं. बाभूळ होती तशीच होती, दगडासारखी.

त्यांनी मला परत आड्याला टांगलं. मग पायात वहाणा सरकवून तशाच उन्हात शेताकडे निघाले. मला वेणूनं पुढं सांगितलं म्हणून कळलं, ती मागोमाग धावली होती. शेंदऱ्याखाली त्यांनी मारोतीला वर चढवलं आणि दोन ठिकाणच्या खुणा पाहायला लावल्या. बांडगुळाच्या जागी फांदीला गाठी होत्या, लाकडात खोल गेलेल्या. माझ्या जागी नुसत्या मुळांच्या पुसट रेघा होत्या. साल कुठं फुटलेली नव्हती.

घरी येऊन ते रांजणातलं पाणी प्यायले. म्हणाले, "झाड नाई, माती नाई, मेल्या लाकडावर वर्सभर जगली. मंग आंब्याचं काय खात होती ते? सूनबाई, माह्यं चुकलं."

"असू द्या मामाजी," इंदुताई म्हणाल्या. "मीनंबी तिले माती चारलीच होती."

आषाढात, हवा ओली झाल्यावर, विठ्ठलराव बोलल्याप्रमाणे स्वतः झाडावर चढले. खालून जमनीबाई म्हणत होत्या, "पाटील, जपून. तुमाले सुतळीनं बांधाची पाळी आणू नका." त्यांनी मला माझ्याच बेचक्यात, उगवतीकडे, जुवाच्या तुकड्यासकट बांधलं. माझा तुरा तेव्हा पुरता फुलला होता. शेंदऱ्याच्या सालीचा वास आला, नाल्याचा गारवा आला, आणि मी डोळे मिटले.

मित्रांनो, मी काही मोठी नाही. माझ्यावाचून कुणाचं पीक बुडत नाही. पण तुमच्या धुऱ्यावर, नाल्याकाठी एखाद्या म्हाताऱ्या झाडाच्या खांद्यावर माझी एखादी बहीण बसलेली असेल. तिला चोर म्हणण्याआधी तिच्या मुळांखालची साल पाहा. आणि लळा लागला म्हणून तिला घरी नेऊन आपली माती चारू नका. जुनी, खडबडीत सालीची झाडं राखा, एवढंच. आमच्या हजारो लेकरांतल्या एखादीला उतरायला जागा मिळेल. प्रेम करायचं असेल तर आधी विचारा, हिला काय लागतं.

महिन्याभरानं मायलेकी शेतात आल्या. विठ्ठलराव शेजारीच बैल सोडत होते. वेणू मारोतीच्या खांद्यावर चढून बेचक्यापर्यंत पोचली आणि खाली ओरडली नाही, हळूच म्हणाली, "आई, हिनं झाडाले धरलं." खरंच, माझी दोन कोवळी मुळं जुवावरून उतरून शेंदऱ्याच्या सालीला बिलगली होती.

इंदुताई खाली उभ्या होत्या. मान वर केलेली, डोळे मिटलेले. तशाच, पहिल्या दिवशी उभ्या होत्या तशा.

वेणू खाली उतरली, आईचा पदर धरून तिच्याकडे पाहू लागली. मग तिनं विचारलं, "आई, तुह्यं झाड त केळापूरले हाय ना? तुले कोण नेऊन बांधीन?"

विठ्ठलरावांचा हात बैलाच्या मानेवरच्या जुवावर तसाच थांबला.